सोडली की सुटली

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका मेलेल्या माणसाबद्दल चार शब्द लिहिले होते. त्याला मी ओळखत नव्हते. पाण्यानं भरलेल्या एका गुहेत तो उतरला, परत आला नाही, आणि दोन दिवसांनी त्याचं शरीर गाइडलाइनपासून, म्हणजे परतीची वाट चुकू नये म्हणून लावलेल्या दोरीपासून, काही मीटरवर सापडलं. हवेचे दोन्ही टँक रिकामे. बाहेर आलेली माहिती एवढीच. तेवढ्यावर मी लिहून मोकळी झाले: "दोरी सोडली, तिथंच संपलं."

तेव्हा मी फक्त उघड्या समुद्रात डाइव्ह करत होते, गुहेत कधीच उतरले नव्हते. पण केव्ह डायव्हिंगच्या अपघातांचे अहवाल वाचायची सवय लागली होती, आणि वाचता वाचता आपल्याला त्यातलं कळतं असं वाटायला लागलं होतं. ते वाक्य क्रूर आहे असं मनातही आलं नाही. उलट उपयोगाचं वाटलं. कुणीतरी वाचेल आणि दोरी सोडणार नाही, असा माझा हिशेब होता.

त्यानंतर तीन वर्षांनी मी गुहेतल्या डायव्हिंगचा कोर्स केला. त्यात एक सराव असतो. मास्कच्या काचा काळ्या पट्टीनं झाकतात आणि गुहेच्या आतून बाहेरपर्यंत लावलेल्या दोरीच्या आधारानं, काहीही न दिसता, बाहेर यायचं असतं. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून कडं करायचं आणि त्यातून दोरी सरकू द्यायची. ओढायची नाही, कारण ओढलेली दोरी भिंतीच्या फटीत शिरते. फटीत दोरी मावते, माणूस मावत नाही. त्या दिवशी दोरी हरवली तर काय करायचं याचा सराव नव्हता, तो दुसऱ्या दिवशी होता. त्या दिवशी फक्त बाहेर यायचं होतं.

जिथं दोरी दगडाला वेढा घालून बांधलेली असते तिथं एक हात पलीकडे नेऊन पुढची दोरी पकडायची आणि मगच मागचा हात काढायचा. तिसऱ्या वेढ्याशी माझ्या हातात दोरी नाही असं माझ्या लक्षात आलं. थांबायचं, श्वास सावकाश घ्यायचा, जवळच्या दगडाला जवळच्या छोट्या रिळाची (स्पूलची) दोरी बांधायची आणि मग तिच्या टोकाला धरून शोध घ्यायचा: हे मला पाठ होतं. आदल्या रात्री मी ते वहीत लिहूनही काढलं होतं. प्रत्यक्षात मी पाय मारले. दोनदा, तीनदा. बाहेरची वाट समोरच आहे याची मला इतकी खात्री होती की थांबणं म्हणजे वेळ घालवणं वाटलं. मग कपाळ दगडाला लागलं. मग खांद्यावर प्रशिक्षकांचा हात पडला आणि मास्कवरची पट्टी निघाली. माझं तोंड गुहेच्या आतल्या बाजूला होतं. दोरी माझ्या डाव्या कोपरापासून वीतभर अंतरावर होती. मला वाटलं होतं पाचसहा मिनिटं गेली असतील. मनगटावरच्या कॉम्प्युटरनं दाखवलं, दीड मिनिटसुद्धा झालं नव्हतं.

वर आल्यावर प्रशिक्षकांनी एकच प्रश्न विचारला. "दोरी सोडलीस की सुटली?"

मी आठवून पाहिलं. हात आठवत होता, दगडाचा खरखरीतपणा आठवत होता. दोरी जाण्याचा क्षण मात्र नव्हता. मी कदाचित दुसरी बाजू धरली आहे अशा समजुतीनं मागचा हात स्वतःच काढला असेल. कदाचित दोरी आधीच बोटांतून गेली असेल. घटना माझ्याच हाताची, घडून दहा मिनिटं झालेली, मी जिवंत, धडधाकट, खरं सांगायला तयार, आणि मला सांगता येत नव्हतं.

"बरं," ते म्हणाले. "ठाऊक नाही, असं लिहू."

मराठीत या दोन क्रियापदांमध्ये दोन अक्षरांचा फरक आहे. सोडली, सुटली. तोडली, तुटली. फोडला, फुटला. पहिल्यात करणारा आहे, दुसऱ्यात गोष्ट आपली आपण घडते. इतकी बारीक आणि इतकी मोठी निवड आपली भाषा आपल्यापुढे क्षणोक्षणी ठेवते आणि आपण विचार न करता त्यातलं एक उचलतो. ज्या माणसाची मी कधी भेट घेतली नाही, जो शेवटी काय करत होता हे पाहायला कुणी नव्हतं, त्याच्या बाबतीत मी 'सोडली' उचललं होतं. 'हरवली' हे त्यातल्या त्यात जवळचं. पण त्यातही कुणीतरी शोधत होतं असं गृहीत धरलेलं आहे, आणि दोरी हातात नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं की नव्हतं, हेही आपल्याला माहीत नसतं.

गुहेत घडलेला मृत्यू हा बहुतेक वेळा साक्षीदाराशिवायचा मृत्यू असतो. उघड्या पाण्यात काही बिघडलं तर वर जाता येतं, निदान तशी शक्यता तरी असते. गुहेत वर छत असतं. बाहेरची वाट म्हणजे आलेली वाट, दुसरी नाही. तळाशी शतकानुशतकं बसलेला पिठासारखा गाळ असतो. पायातल्या फिनचा एक चुकीचा फटका, कधी तर नुसते छताला जाऊन लागलेले बुडबुडे, आणि काही सेकंदांपूर्वी काचेसारखं असलेलं पाणी असं होतं की दिवा डोळ्यासमोर धरला तरी फक्त तपकिरी उजळ धुकं दिसतं. अशा वेळी सोबती हाताच्या अंतरावर असला तरी तो काय करतोय ते दुसऱ्याला दिसत नाही. नंतर उरतात ते आकडे. डाइव्ह कॉम्प्युटर दर काही सेकंदांची खोली नोंदवतो. माणूस इतक्या वाजता इतक्या मीटरवर होता, इथं वळला, इथं थांबला, हे कळतं. का वळला, हे त्यात नसतं. ही मधली जागा रिकामी असते. माझ्यासकट सगळ्यांना ती भरायची घाई असते.

पहिल्या बातम्या ही घाई वाढवतात. "ऑक्सिजन संपून मृत्यू" हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल त्याला गणती नाही. डायव्हरच्या टँकमध्ये सहसा साधी हवा असते, किंवा नायट्रॉक्स म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेली हवा, किंवा खोल जायचं असेल तर हेलियम मिसळलेलं मिश्रण. शुद्ध ऑक्सिजन असतो तो वर येताना, शरीरात विरघळलेला वायू सावकाश बाहेर पडावा म्हणून घ्यायच्या शेवटच्या थांब्यांसाठी, साधारण ६ मीटरपर्यंत. त्याहून खोलवर तोच ऑक्सिजन मेंदूवर विषासारखा काम करू शकतो, झटके येतात, श्वासाचं साधन, रेग्युलेटर, तोंडातून निघतो. म्हणजे जिथं बातमी ऑक्सिजन संपला म्हणते तिथं कधी कधी ऑक्सिजन जास्त झालेला असतो. शवचिकित्सेतलं 'बुडून मृत्यू' हेही तसंच. पाण्याखाली बेशुद्ध झालेला जवळजवळ प्रत्येक माणूस शेवटी बुडतो. तो बेशुद्ध का झाला हा खरा प्रश्न. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठीच्या संस्थेतल्या संशोधकांनी २००८ साली ९४७ डायव्हिंग मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी प्रत्येक मृत्यू चार पायऱ्यांत उलगडून पाहिला: सुरुवात कशापासून झाली, त्यातून कोणती घातक गोष्ट ओढवली, तिनं शरीराला काय केलं, आणि मृत्यू कशानं आला. या चारांपैकी बातमीत येते ती फक्त शेवटची पायरी. आणि आमच्यासारखे वाचक तिच्यावरून उडी मारून थेट पहिलीवर जातात.

म्हणून काही जण म्हणतात, बोलूच नका. घरच्यांना त्रास होतो, गेलेला माणूस उत्तर द्यायला नाही, गप्प बसणं हाच आदर. हे मला पटत नाही. आज मी गुहेत उतरून परत येते ती कुणीतरी अशा मृत्यूंबद्दल बोललं म्हणून.

शेक एक्स्ली हे फ्लोरिडातले गणिताचे शिक्षक. तेविशीपर्यंतच त्यांच्या नावावर हजाराहून जास्त गुहा-डाइव्ह झाल्या होत्या. ६०-७०च्या दशकांत तिथल्या गुहांत माणसं सतत मरत होती, आणि मृतदेह बाहेर काढणाऱ्यांत एक्स्लीही असत. त्यांनी या अपघातांची टिपणं जमवली, एकमेकांशेजारी ठेवली आणि १९७९ साली एक छोटं पुस्तक काढलं. त्यातून वर आलेल्या गोष्टी तीन. उघड्या पाण्यापर्यंत अखंड दोरी नव्हती. परतीसाठी पुरेशी हवा राखली नव्हती. साध्या हवेवर माणूस फार खोल गेला होता. पुढे त्यात दोन भर पडल्या, गुहेसाठीचं वेगळं प्रशिक्षण आणि प्रत्येकाकडे तीन दिवे. हवेचा तिसऱ्या हिश्श्याचा नियम आज पहिल्या दिवशी शिकवतात: टँकमध्ये २१० बार दाबाची हवा घेऊन निघालात तर ७० वापरून झाल्यावर वळायचं, ७० मध्ये बाहेर यायचं, आणि उरलेले ७० आपले नव्हेतच, ते सोबत्याचे, त्याची हवा सगळी गेली तर त्याला घेऊन बाहेर येण्यासाठी. ३० मीटरवर प्रत्येक श्वासाला पृष्ठभागाच्या चौपट हवा जाते आणि घाबरलेला माणूस त्याच्याही दुपटीनं ओढतो, हे लक्षात घेतलं की ते ७० फार नाहीत.

ऑस्ट्रेलियातही असंच झालं. २८ मे १९७३ रोजी माउंट गॅम्बियरजवळच्या 'द शाफ्ट' नावाच्या सिंकहोलमध्ये, म्हणजे जमीन खचून झालेल्या पाण्यानं भरलेल्या विवरात, चार तरुण डायव्हर एकाच डाइव्हमध्ये मेले. सरकारनं तिथल्या पाण्यानं भरलेल्या सगळ्या गुहा कायमच्या बंद कराव्यात का, असा प्रश्न उभा होता. त्याच वर्षी डायव्हर लोकांनीच केव्ह डायव्हर्स असोसिएशन ऑफ ऑस्ट्रेलिया ही संघटना उभी केली आणि परीक्षा घेऊन टप्प्याटप्प्यानं गुहेत उतरू देण्याची पद्धत बसवली. त्या चार मृत्यूंनंतर काही महिन्यांत ही माणसं एकत्र बसून काय बोलली असतील याचा मी पुष्कळदा विचार करते. त्या बैठकीत मेलेल्यांचे मित्र असणारच. त्यांच्यासमोर 'काय चुकलं' हा शब्दप्रयोग कसा उच्चारला गेला असेल?

फ्लोरिडातल्या अनेक गुहांच्या तोंडाशी पाण्याखाली एक पाटी असते. तिच्यावर कोयता घेतलेला मृत्यू काढलेला आहे. थांबा, इथून पुढे जाऊ नका, या गुहेत जिवाच्या मोलाचं काहीही नाही, असं ती सांगते. तिच्यावर आणखी एक ओळ आहे: अशाच गुहांमध्ये तीनशेहून अधिक डायव्हर मेले, त्यांत प्रशिक्षकही होते. मला त्या ओळीचं नेहमी कौतुक वाटतं. कुणाचं नाव नाही, कुणाला बोल नाही, 'बेशिस्त' वगैरे शब्द नाही. आणि 'प्रशिक्षकही' या एका शब्दानं, मला तर सगळं येतं असं मनात म्हणणाऱ्याचा हात धरला आहे.

एक्स्ली स्वतः ६ एप्रिल १९९४ रोजी मेक्सिकोतल्या साकातोन या प्रचंड खोल सिंकहोलमध्ये मरण पावले. त्यांना आणि त्यांचे सोबती डायव्हर जिम बौडेन यांना ३०० मीटरच्या पलीकडे जायचं होतं. दोघं वेगवेगळ्या दोऱ्यांवरून उतरले. बौडेन २८० मीटरच्या पुढून परत आले. वर पोहोचायला त्यांना थांबे घेत घेत कित्येक तास लागले आणि एक्स्ली नाहीत हे त्यांना वाटेतच कळलं. तीन दिवसांनी दोरी वर ओढली तेव्हा तिच्यासोबत एक्स्ली वर आले. दोरी त्यांच्याभोवती गुंडाळलेली होती. अपघातांची कारणं शोधण्यात ज्यांनी आयुष्य घातलं त्यांच्या मृत्यूचं कारण नक्की कुणालाच सांगता आलेलं नाही. इतक्या खोलीवर हेलियममुळे हातापायांना कंप सुटतो, तो असेल. मिश्रणातल्या नायट्रोजनची गुंगी असेल. हवा अंदाजापेक्षा लवकर गेली असेल. दोरी गुंडाळली गेली की त्यांनी स्वतः गुंडाळून घेतली, स्थिर राहण्यासाठी, किंवा आपल्याला शोधायला कुणाला खाली यावं लागू नये म्हणून? यावर वर्षानुवर्षं तर्क चालले. पुन्हा तेच दोन शब्द पाहा: गुंडाळली गेली, गुंडाळून घेतली. त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनी एक अर्थ निवडला, आणि मला तो निवडावासा वाटतो. पण मला माहीत नाही.

नियम मोडले म्हणून मेला, हे वाक्य आपल्याला इतकं हवंहवंसं का वाटतं याचं उत्तर मला पार्कर टर्नर यांच्या मृत्यूबद्दल वाचताना मिळालं. १७ नोव्हेंबर १९९१, फ्लोरिडातलं इंडियन स्प्रिंग्ज. टर्नर आणि बिल गॅविन, दोघंही त्या काळातले अतिशय तयारीचे डायव्हर. ते आत असताना तोंडाकडच्या उतारावरची वाळू घसरली आणि बाहेरची वाट बुजली, दोरी वाळूखाली गेली. दोघांकडे राखीव हवा होती, दोरी होती, अनुभव होता. गॅविन बाहेर येऊ शकले, टर्नर नाही. हे वाचून झाल्यावर मला जी अस्वस्थता वाटली तशी 'दोरी सोडली' लिहिताना वाटली नव्हती. कारण इथं बोट ठेवायला जागा नव्हती. त्यानं चूक केली म्हटलं की मी ती करणार नाही, म्हणजे मी मरणार नाही. मेलेल्याला दोष देऊन आपण आपल्यासाठी एक छोटा ताईत बनवतो. तो ताईत त्याच्या आईच्या दुःखातून बनतो हे बनवताना दिसत नाही.

शिवाय शेवट माहीत झाला की आधीचं सगळं सरळ दिसायला लागतं. बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञानं १९७५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यानं लोकांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा संघर्षाची माहिती वाचायला दिली. निकाल चार शक्य होते. वेगवेगळ्या गटांना वेगवेगळा निकाल खरा म्हणून सांगितला आणि विचारलं, निकाल माहीत नसता तर तुम्हाला काय होईल असं वाटलं असतं? ज्या गटाला जो निकाल सांगितला तोच त्या गटाला आधीपासून जास्त संभवनीय वाटला. माहिती सगळ्यांना एकच होती. आपल्या मनानं निकाल आधीच पोटात घेतला आहे हे त्यांच्या लक्षात येत नव्हतं. गुहेच्या अपघातातही आपण सुरुवात मृतदेहापासून करतो आणि उलटे चालत येतो. वाटेतलं प्रत्येक वळण मग मृत्यूकडेच नेणारं दिसतं. आत असलेल्या माणसासाठी ती वळणं नुसती वळणं होती. काळ्या पट्टीखाली माझ्यासाठी बाहेरची वाट समोर होती. अगदी स्वच्छ समोर.

एप्रिल २०१७ मध्ये मायोर्का बेटावरच्या सा पिकेता नावाच्या गुहेत शिस्को ग्रासिया आणि त्यांचा सोबती नकाशासाठी मापं घेत होते. परतताना दोरी सापडेना. शोधताना गाळ उठला, हवा खर्च झाली, आणि शेवटी दोघं हवा साठलेल्या एका कोनाड्यात डोकं वर काढून बसले. उरलेली हवा एकालाच बाहेर नेण्याइतकी होती. त्यांनी आपसांत ठरवलं: सोबती अंगानं किरकोळ, त्याला हवा कमी लागायची, तो जाईल. ग्रासिया थांबतील. सोबती गाळातून, दुसऱ्या वाटेनं, बाहेर पोहोचला आणि त्यानं माणसं बोलावली. ग्रासिया त्या कोंदट हवेत, अंधारात, भास होत, सुमारे ६० तास बसून होते. मग त्यांना बाहेर काढलं.

आता कल्पना करा की ती मदत पोहोचली नसती. एकाचा मृतदेह आत, दुसरा उरलेली सगळी हवा घेऊन बाहेर आलेला. मी त्या सोबत्याबद्दल काय लिहिलं असतं? मला लिहायचं धैर्य होत नाही, पण मला ते वाक्य माहीत आहे. आणि ते चार शब्दांपेक्षा मोठं नसतं. आत झालेलं ते बोलणं, कुणी जायचं याचा तो शांत हिशेब, एकमेकांवरचा तो विश्वास, हे सगळं आपल्याला कळलं ते फक्त ग्रासिया जिवंत राहिले म्हणून. जे राहिले नाहीत त्यांच्याही गुहेत असं काही बोलणं झालं असेल. ते आपल्यापर्यंत येण्याची वाटच नव्हती.

दक्षिण आफ्रिकेतल्या बुशमन्स होल या पाण्यानं भरलेल्या खोल गुहेबद्दल मला लिहिताना नेहमी जड जातं, पण ते टाळून पुढे जाता येत नाही. १९९४ च्या डिसेंबरात तिथं २० वर्षांचा एक मुलगा बुडाला. दहा वर्षांनी डेव्ह शॉ यांना तो २७० मीटर खोल तळाशी दिसला. शॉ व्यवसायानं वैमानिक. मुलाच्या आईवडिलांना शब्द देऊन ते ८ जानेवारी २००५ रोजी त्याला आणायला उतरले. तळाशी परिस्थिती अंदाजापेक्षा वेगळी निघाली, दोरी दिव्याच्या वायरमध्ये अडकली, आणि ते तिथंच गेले. त्यांना गाठायला उतरलेले त्यांचे मित्र डॉन शर्ली मरता मरता वाचले. चार दिवसांनी पथक साहित्य वर ओढत असताना दोघंही, शॉ आणि तो मुलगा, वर आले.

शॉ यांच्या हेल्मेटवर कॅमेरा होता. त्यात त्यांचा श्वास ऐकू येतो. तो श्वास डॉक्टरांनी ऐकला, मोजला, आणि २००७ साली त्यावर वैद्यकीय नियतकालिकात लेख आला. इतक्या दाबाखाली श्वासाचा वायू दाट होतो. फुप्फुसांना तो आतबाहेर करायलाच इतके कष्ट पडतात की कार्बन डायऑक्साइड पुरता बाहेर जात नाही. तो साठला की शरीर आणखी जोरानं श्वास घ्यायला लावतं, त्यानं कष्ट वाढतात, आणि हे चक्र काही मिनिटांत माणसाला बेशुद्ध करतं. वायूच्या घनतेचा विचार पुढे सगळीकडे सुरू झाला. २०१६ साली लिटरला ५.२ ग्रॅमच्या आत राहा, ६.२ ओलांडू नका, अशी शिफारस आली. साध्या हवेला ५.२ ची मर्यादा ३० मीटरच्या आसपासच येते. आज डाइव्हचं नियोजन करताना मी तो आकडा पाहते. त्या आकड्यामागे एका ओळखीच्या माणसाचा श्वास आहे असं मला वाटतं, ओळख नसली तरी.

तोच आवाज रात्री दिवे मालवून अंगावर काटा यावा म्हणूनही ऐकला जातो. मी ऐकलेला नाही आणि ऐकणार नाही. लेख वाचला, तो पुरेसा आहे. पाहू नये, ऐकू नये असं मी दुसऱ्याला सांगायला जात नाही. पण कुणी विचारलं तर एवढं सांगते की त्यातून शिकण्याजोगं जे होतं ते शिकून, लिहून झालेलं आहे.

जे मृतदेह आणायला जातात त्यांचा विचार या बोलण्यात फार कमी येतो. पुष्कळदा ते स्वयंसेवक असतात, मेलेल्याचे मित्रही असतात. गुहेच्या ज्या चिंचोळ्या भागात एक जण अडकला तिथंच त्यांना जायचं असतं, आणि येताना एकटं यायचं नसतं. नॉर्वेतल्या प्लुरा गुहेत फेब्रुवारी २०१४ मध्ये दोन फिन्निश डायव्हर १०० मीटरहून खोल भागात मरण पावले. पोलिसांनी बोलावलेल्या तज्ज्ञांनी पाहणी करून सांगितलं, आणणं फार धोक्याचं आहे. गुहा बंद झाली. मार्चमध्ये त्यांचे मित्र कुणाला न सांगता परत गेले आणि दोघांना घेऊन आले. त्यांनी नियम मोडला हे खरं. पोलिसांनी शेवटी कारवाई केली नाही. या प्रसंगावर ठाम मत असलेली पुष्कळ माणसं मला भेटली. माझं ठाम मत नाही. पण जे लोक मित्राला कवेत घेऊन १०० मीटरवरून, तासन् तास थांबे घेत, वर आले, ते संध्याकाळी घरी गेल्यावर आपण लिहिलेलं वाचतात, हे मी विसरत नाही. त्यांनी त्याचा हात पाहिलेला असतो. दोरी कुठं होती ते त्यांना माहीत असतं. आणि बहुधा तेच सगळ्यांत कमी बोलतात.

उलट टोकाचं एक उदाहरण. २०१० च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिडातल्या व्होर्टेक्स स्प्रिंगमध्ये तिशीतला एक डायव्हर उतरताना दिसला, नंतर दिसला नाही. अनुभवी केव्ह डायव्हरांनी शक्य तिथपर्यंत शोधलं, काही सापडलं नाही. मग रिकामी जागा भरायला लोक आले. तो मेलाच नाही, पळून गेला. त्याला कुणीतरी मारलं. अमक्यानं लपवलं. इतकी वर्षं झाली, अजून चाललं आहे. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, ते आधीच फार ठिकाणी लिहिलं गेलं आहे. त्याच्या घरच्यांना रोज सकाळी उठून या सगळ्या कथांच्या शेजारी स्वतःचं न कळणं सांभाळावं लागलं.

आणि हेही सांगायला हवं की कौतुकानंसुद्धा ती जागा भरली जाते. थायलंडच्या थाम लुआंग गुहेतून २०१८ साली बारा मुलं आणि त्यांचा फुटबॉल प्रशिक्षक सुखरूप बाहेर आले. त्याआधी ६ जुलैला हवेचे टँक आत ठेवून परतताना समन कुनान हे नौदलाचे माजी जवान गेले. त्यांना वीर म्हटलं गेलं, आणि ते होतेच. पण वीर म्हटलं की पुढचा प्रश्न विचारणं कृतघ्नपणाचं वाटायला लागतं, आणि पुढच्या वेळी टँक घेऊन जाणाऱ्यासाठी तो प्रश्न विचारलेला असणं गरजेचं असतं. शोकाच्या खोलीत तो विचारू नये. दुसऱ्या खोलीत, काही दिवसांनी, विचारावाच.

मी हल्ली काय करते, तर पहिले काही दिवस काहीच लिहीत नाही. घरच्यांना कळायच्या आधी आपल्याला कळलं असेल, ही शक्यता आता फार खरी आहे. मग जे कळलं ते कळलं त्याच शब्दांत मांडते: टँक रिकामे होते. दोरीपासून इतक्या अंतरावर. पाणी गढूळ होतं, असं सोबती सांगतो. 'का' आला की थांबते आणि स्वतःला प्रशिक्षकांचा प्रश्न विचारते. बहुतेक वेळा उत्तर तेच येतं जे मला माझ्या हाताबद्दल देता आलं होतं. मग ते तसंच लिहायचं. वाचायला ते अपुरं वाटतं. लोक विचारतात, म्हणजे नक्की काय झालं? त्यांची गरज मला कळते. माझीही तीच आहे.

ते जुनं चार शब्दांचं वाक्य मी शोधलं. ते जिथं होतं तिथं अजून आहे, त्याखाली कुणी काही म्हटलेलं नाही, रागावलेलंही नाही. त्याच्या घरचं कुणी तिथवर आलं होतं का, हे मला कधीच कळणार नाही. मी ते पुसलं नाही. त्याखाली लिहिलं, की हे मी माहिती नसताना लिहिलं होतं, आणि त्याच्या हातात दोरी कशी राहिली नाही हे मला ठाऊक नाही.

सरावाच्या त्या दिवसाचं पान माझ्या लॉगबुकात आहे. खोली, वेळ, सुरुवातीचा दाब, शेवटचा दाब, सगळे आकडे नीट भरलेले. खाली शेऱ्यासाठी दोन ओळी असतात. तिथं मी 'तिसऱ्या वेढ्याशी दोरी' एवढं लिहून थांबले होते. क्रियापद अजून लिहिलेलं नाही.